जखमीचे पहिले तीन तास

सन २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. एखाद्या साथीने वर्षभरात इतके बळी घेतले असते, तर गावोगाव लसीकरणाच्या तुकड्या फिरल्या असत्या. रस्त्यावरचा मृत्यू एकेका घरी येतो, त्यामुळे त्याची एकत्रित व्याप्ती सहसा नजरेत भरत नाही. शिवाय हे आकडे केवळ रस्त्यांवरील अपघातांचे आहेत. मळणीयंत्रात हात सापडलेला शेतकरी, विहिरीच्या कामावर दरड कोसळून दबलेला मजूर, किंवा नारळाच्या झाडावरून पडलेला पाडेली यांची गणना त्यांत नाही.

अपघात होऊच नयेत यासाठी करावयाचे उपाय हा स्वतंत्र विषय आहे. अपघात घडून गेल्यावर जखमीला कोणता उपचार, किती वेळात आणि कोणाच्या हातून मिळावा, याविषयी गेल्या पाच-सहा दशकांत जे संशोधन झाले, त्याचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. हे संशोधन मुख्यत्वे मोठ्या शहरांतील रुग्णालयांत झाले. तथापि, त्यातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष जखमी रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी गेलेल्या वेळेसंबंधी असल्याने त्याचा संबंध थेट गावाशी येतो.

दुर्लक्षित रोग

देवी, हिवताप, क्षय या रोगांवर शास्त्रज्ञांच्या पिढ्यान् पिढ्या खपल्या. जखमी माणूस मात्र फार काळ शास्त्राच्या कक्षेबाहेर राहिला. अपघात म्हणजे दैवगती, ही समजूत केवळ आपल्याकडेच होती असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात अपघाती मृत्यू व अपंगत्व यांस ‘आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग’ असे संबोधले होते. त्या काळी त्या संपन्न देशातही अनेक ठिकाणी जखमींची ने-आण अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या गाड्यांतून होत असे, कारण माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्यापाशीच असे! जखमीवर तत्काळ शस्त्रक्रिया केल्यास काय साधते याचे धडे शल्यचिकित्सकांना मिळाले ते प्रामुख्याने युद्धभूमीवर. व्हिएतनाममधील युद्धात जखमी सैनिकांना हेलिकॉप्टरने थेट शस्त्रक्रियागृहापर्यंत नेण्याची व्यवस्था झाली आणि त्याच धर्तीवर नागरी व्यवस्था उभारण्याचा विचार पुढे आला.

या विचाराचे एक आद्य प्रवर्तक म्हणजे बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक डॉ. आर. ॲडम्स काउली. ‘सुवर्णतास’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्दप्रयोग त्यांच्या नावाशी निगडित आहे. गंभीर जखमी माणसाचे भवितव्य पहिल्या साठ मिनिटांत ठरते, असा त्याचा आशय. आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन अधिनियमात जी सुधारणा करण्यात आली, तिने या शब्दाला कायद्याची व्याख्याही प्राप्त करून दिली. इजा झाल्यानंतरचा एक तास, ज्यात तत्पर उपचाराने मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते, असा त्या व्याख्येचा भावार्थ आहे.

हा साठ मिनिटांचा आकडा आला कोठून? अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००१ साली या शब्दाचा माग काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्या मुळाशी मोजमाप करून सिद्ध केलेला असा कोणताही आधार त्यांना आढळला नाही. घोषणा म्हणून हा शब्द उपयुक्त ठरला यात शंका नाही. लोकांना घाई करण्यास त्याने प्रवृत्त केले. परंतु एकसष्टाव्या मिनिटाला नेमके काय बदलते, याचे उत्तर त्यात नव्हते. असे उत्तर पुढे मिळाले, ते एका जुन्या व स्वस्त औषधाच्या परीक्षेतून. तेथे पोहोचण्यापूर्वी, रूढ उपचारांची परीक्षा घेण्याची आवश्यकता वैद्यकाला का भासली, हे पाहणे उचित होईल.

रूढ उपचारांची कसोटी

रक्त वाहून रक्तदाब घसरला की शिरेतून मिठाचे द्रावण, म्हणजे सलाईन, वेगाने द्यावे, असा अनेक दशकांचा प्रघात होता. त्यामागील तर्क सरळ होता : भांडे रिकामे होत आहे, ते भरावे. परंतु गळती बंद केल्यावाचून भांडे भरत राहिल्यास काय होईल, हा प्रश्न पहिल्या महायुद्धातच उपस्थित झाला होता. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१८ साली असा इशारा दिला होता की, रक्तस्राव थांबविण्यास शल्यचिकित्सक सिद्ध होण्याआधीच रक्तदाब वाढविला, तर शरीराला नितांत गरजेचे असलेले रक्तच वाहून जाईल. हा इशारा पुढे मागे पडला.

ह्यूस्टन शहरातील डॉक्टरांनी या प्रश्नाची प्रत्यक्ष पडताळणी केली आणि १९९४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धडावर भोसकल्याच्या वा गोळीच्या जखमा असलेले ५९८ प्रौढ रुग्ण तीत होते. सम व विषम तारखांच्या आधारे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला वाटेतच सलाईन सुरू केले, तर दुसऱ्याला शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंत दिले नाही. पहिल्या गटातील ६२ टक्के रुग्ण वाचले, तर दुसऱ्यातील ७० टक्के. हा निष्कर्ष एका विशिष्ट प्रकारच्या जखमांपुरता आणि रुग्णालय जवळ असलेल्या शहरापुरता आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गाडीच्या धडकेने हाडे मोडलेल्या खेड्यातील माणसाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र ‘उपचार केला म्हणजे भलेच झाले’ या समजुतीला त्याने तडा दिला.

दुसरे उदाहरण यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या रुग्णास सूज उतरविणारी स्टेरॉईड जातीची औषधे देण्याची पद्धत तीस वर्षांहून अधिक काळ जगात अनेक ठिकाणी चालू होती. मेंदूतील गाठीभोवतीची सूज या औषधांनी उतरते, तेव्हा मार लागून आलेली सूजही उतरेल, असा कयास होता. मधल्या काळात लहान-लहान चाचण्या बऱ्याच झाल्या, पण त्यांच्या एकत्रित आकड्यांवरून औषध तारक की मारक, याचा उलगडा होईना. म्हणून लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेच्या पुढाकाराने ‘क्रॅश’ नावाची विस्तृत चाचणी हाती घेण्यात आली. वीस हजार रुग्णांचे उद्दिष्ट होते. ४९ देशांतील २३९ रुग्णालयांमधून १०,००८ रुग्ण झाले असताना, मे २००४ मध्ये ती थांबवावी लागली. कारण दोन आठवड्यांच्या आत मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण औषध दिलेल्या गटात २१.१ टक्के होते आणि न दिलेल्या गटात १७.९ टक्के. शंभर रुग्णांमागे तीन अधिक मृत्यू, तेही सद्भावनेने दिलेल्या औषधामुळे! एखाद्या वॉर्डात वर्षभरात येणाऱ्या रुग्णांवरून कोणत्याही अनुभवी डॉक्टरला हा फरक उमगला नसता. मरणारे रुग्ण अत्यवस्थच होते. ते इजेने गेले की औषधाने, हे एकेका खाटेजवळ उभे राहून सांगता येत नाही. त्यासाठी हजारोंची मोजदाद लागते.

रक्त गोठते आणि विरघळतेही

या कसोटीतून जे औषध उतरले त्याचे नाव ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. त्याचे कार्य समजण्यासाठी रक्त कसे थांबते हे थोडक्यात पाहू. रक्तवाहिनी तुटली की रक्तातील घटकांपासून तंतूंचे जाळे विणले जाते, त्यात रक्तकणिका अडकतात आणि गुठळी बनून तोंड बुजते. या गुठळीने कायम राहावे अशी मात्र निसर्गाची योजना नाही. तिचे काम झाले की ती विरघळविण्यासाठी प्लाझ्मिन नावाचे विकर रक्तात सिद्ध होते. निरोगी शरीरात बांधणे आणि मोडणे यांचा मेळ असतो. भीषण इजा झाली असता तो बिघडतो. बांध अजून घातला जात आहे तोच त्याची माती उकरावी, तसे हे विकर ताज्या गुठळ्या वेळेआधीच विरघळवू लागते आणि रक्त वाहतच राहते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे विकर आणि तंतू यांची गाठ पडू देत नाही. ते नवी गुठळी तयार करीत नाही, असलेली टिकवून धरते.

या औषधाचा शोध जपानमधील शोसुके आणि उताको ओकामोटो या संशोधक पती-पत्नींनी लावला आणि १९६२ साली तो प्रसिद्ध झाला. महायुद्धानंतरच्या ओढग्रस्तीच्या काळात त्यांनी रक्त हा विषय निवडला, त्याचे कारण पुढे उताको ओकामोटो यांनीच सांगितले होते : संशोधनाला रक्त कमी पडलेच, तर स्वतःचे वापरता येण्यासारखे होते. बाळंतपणात अतिरक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रिया वाचाव्यात ही त्यांची मूळ आकांक्षा. प्रत्यक्षात हे औषध अनेक वर्षे दात काढताना, मासिक पाळीतील अतिस्रावावर किंवा नियोजित शस्त्रक्रियांतच वापरले गेले. अपघातातील जखमींवर ते कोणी पद्धतशीरपणे अजमावून पाहिले नव्हते. औषध जुने, त्यावर कोणाचा एकाधिकार उरलेला नाही, किंमत अल्प. अशा औषधाच्या मोठ्या चाचणीसाठी कोणता कारखानदार पैसे घालणार? येथे सार्वजनिक निधीची गरज असते आणि तो मिळाला, म्हणूनच पुढील काम होऊ शकले.

वीस हजार जखमी

‘क्रॅश-२’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष जून २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रा. इयन रॉबर्ट्स व हलीमा शकूर यांच्या नेतृत्वाखाली ४० देशांतील २७४ रुग्णालयांनी तीत भाग घेतला आणि २०,२११ प्रौढ जखमींची नोंद झाली. सर्वाधिक रुग्ण भारतातून आले होते, याचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. या औषधाविषयीचे ज्ञान आपल्याला परदेशातून आयते मिळाले, असे समजण्याचे कारण नाही. ते ज्यांच्या शरीरावरून सिद्ध झाले, त्यांत आपल्या देशातील सर्वसाधारण सार्वजनिक रुग्णालयांत आलेली माणसेही आहेत.

चाचणीची रीत मुद्दाम साधी ठेवण्यात आली होती. इजा होऊन आठ तासांच्या आत आलेला, ज्याला मोठा रक्तस्राव होत आहे किंवा होण्याचा धोका आहे असा रुग्ण, आणि त्याला हे औषध द्यावे की देऊ नये याविषयी उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या मनात खरोखर शंका आहे अशी स्थिती असेल, तरच त्याला सामील करावयाचे. अनुक्रमांक घातलेल्या एकसारख्या खोक्यांतून पुढचे खोके उघडावयाचे. आत औषध आहे की साधे मिठाचे पाणी, हे डॉक्टरलाही ठाऊक नसे आणि रुग्णालाही. बाकी सर्व उपचार, शस्त्रक्रिया, रक्त देणे हे नेहमीप्रमाणेच चालू राही. औषधाची मात्रा पहिल्या दहा मिनिटांत एक ग्रॅम आणि त्यानंतर आठ तासांत आणखी एक ग्रॅम अशी होती.

बेशुद्ध, रक्तबंबाळ माणसाची संमती कशी घ्यावयाची, हा या शास्त्रातील नाजूक प्रश्न. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची, नसेल तर नातेवाइकांची, आणि कोणीच उपस्थित नसल्यास, तेथील नियमांस धरून, डॉक्टरांच्या निर्णयावर, अशी तरतूद होती. यावर आक्षेप घेणारेही आहेत. आक्षेप अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. भेदरलेल्या पत्नीपुढे कागद धरून घेतलेली सही कितपत समजून केलेली असते? पण त्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. अपघातग्रस्तांवर चाचण्याच नकोत असे ठरविले असते, तर बेशुद्ध रुग्णांना ते स्टेरॉईड आजही दिले जात राहिले असते.

निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते. औषध मिळालेल्या १०,०६० रुग्णांपैकी १,४६३ मरण पावले, म्हणजे १४.५ टक्के. मिठाचे पाणी मिळालेल्या १०,०६७ पैकी १,६१३, म्हणजे १६ टक्के. दोन्ही गट जवळजवळ सारख्या संख्येचे असल्याने फरक सरळ वजाबाकीनेच दिसतो : दीडशे माणसे. गुठळ्या टिकविणाऱ्या औषधामुळे हृदयविकार किंवा पक्षाघात वाढतील अशी भीती होती, ती खरी ठरली नाही. मार्च २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत जखमींसाठी या औषधाचा समावेश केला.

घड्याळाचा कौल

खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत अपघात केव्हा घडला आणि औषध केव्हा सुरू झाले, यांतील अंतर टिपलेले होते. २०११ साली या अंतरानुसार आकडे वेगळे काढण्यात आले. तासाभराच्या आत उपचार मिळालेल्यांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू औषधगटात ५.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ७.७ टक्के होते. एक ते तीन तासांत उपचार मिळालेल्यांत हेच आकडे ४.८ आणि ६.१ असे होते. तीन तास उलटून गेल्यावर मात्र चित्र पालटले. औषधगटात ४.४ टक्के, तर औषध न मिळालेल्यांत ३.१ टक्के. म्हणजे तेच औषध, तीच मात्रा, तीच माणसे, आणि उशीर झाला की लाभाऐवजी हानी!

पुढे बाळंतपणातील अतिरक्तस्रावावर २१ देशांतील २०,०६० स्त्रियांची अशीच चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१७ साली जाहीर झाले. रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले आणि येथेही तीन तासांच्या आत दिलेल्या औषधाचाच उपयोग दिसून आला. ओकामोटो दांपत्याची इच्छा पंचावन्न वर्षांनी फळास आली. उताको ओकामोटो आदल्या वर्षी, ९८ व्या वर्षी निवर्तल्या होत्या. या दोन्ही चाचण्यांतील मिळून ४०,१३८ रुग्णांच्या नोंदी २०१८ साली एकत्र तपासल्या असता, पहिल्या तीन तासांत दर १५ मिनिटांच्या विलंबाने औषधाचा लाभ सुमारे १० टक्क्यांनी घटतो असे आढळले. ‘लवकर’ या शब्दाला असे मोजलेले माप या क्षेत्रात क्वचितच लाभले आहे.

या औषधाला संजीवनी मानण्याचे मात्र कारण नाही. डोक्याच्या इजेवरील ‘क्रॅश-३’ चाचणीत २९ देशांतील १२,७३७ रुग्ण होते. २०१९ च्या तिच्या निष्कर्षांनुसार सौम्य व मध्यम इजेत लवकर दिलेल्या औषधाने मृत्यू कमी झाले, अतिगंभीर इजेत काहीही फरक पडला नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व जर्मनी येथे रुग्णवाहिकेतच हे औषध दिलेल्या १,३१० जखमींची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या महिन्यातील मृत्यू औषधगटात कमी होते. परंतु सहा महिन्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहून बऱ्यापैकी जीवन जगू शकणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ५४ टक्के, राहिले. वाचलेला प्रत्येक जीव कामधंद्याला लागतोच असे नाही, हे कटू सत्य या आकड्यांतून पुढे येते. इजेनंतरचे पुनर्वसन हा विषय संशोधनात अद्याप उपेक्षितच आहे.

गाव ते रुग्णालय

महाराष्ट्रात या निष्कर्षांचा अर्थ काय, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. आठवडे बाजारातून परतणाऱ्या दुचाकीस्वाराला दुपारी चार वाजता ट्रकची धडक बसली. गर्दी जमून वाहन मिळेपर्यंत ३० मिनिटे गेली, ग्रामीण रुग्णालय गाठण्यास ४० मिनिटे लागली, तेथे पट्टी बांधून जिल्हा रुग्णालयाकडे पाठविण्याची कागदपत्रे होण्यास ३० मिनिटे, पुढील प्रवासास ७५ मिनिटे आणि तेथे केसपेपर काढून डॉक्टरांनी तपासण्यास १५ मिनिटे. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर कोणी झोप काढलेली नाही. तरीही घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झालेली आहेत आणि तीन तासांची मुदत संपून गेली आहे. हेच औषध ग्रामीण रुग्णालयात दिले गेले असते, तर ते सव्वा तासाच्या आत मिळाले असते. ते देण्यास शस्त्रक्रियागृह लागत नाही. शिरेतून सावकाश द्यावयाचे ते एक इंजेक्शन आहे. ते डॉक्टरांच्या निर्णयानेच द्यावयाचे, हे उघड आहे. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणच्या कपाटात ते असून भागणारे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर जे पंचायत सदस्य असतात, त्यांनी औषधसाठ्याचा आढावा घेताना सर्पदंशाच्या लसीबरोबर या औषधाचीही विचारणा करावयास हरकत नाही.

प्रवासाचा वेळ कमी करण्याच्या दृष्टीने राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. ही सोय मोठीच आहे. पण दूरध्वनी कोणी करावयाचा या घोळात जाणारी पहिली दहा मिनिटे कोणतीही रुग्णवाहिका भरून काढू शकत नाही. दूरध्वनी करताना गावाचे नाव, रस्ता, किलोमीटरचा दगड किंवा जवळची ठळक खूण, जखमींची संख्या आणि ते शुद्धीवर आहेत किंवा कसे, एवढे सांगितले तरी पुरते. वाट पाहत असताना वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून ती हाताने घट्ट दाबून धरणे, हा सर्वांत परिणामकारक प्रथमोपचार होय. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी घडी वारंवार उचलू नये. ती भिजल्यास वरून दुसरी ठेवावी. जखमेत हळद, राख, तंबाखू भरू नये, आणि जखमीला पाणी पाजण्याचा मोह आवरावा, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मानेला किंवा पाठीला मार बसल्याची शंका असेल, तर आग वा वाहत्या रहदारीसारखे संकट नसताना त्याला उचलून बसविण्याची घाई करू नये.

आणखी एक काम असे आहे की, जे डॉक्टर करू शकत नाहीत आणि शेजारी उभा असलेला शिक्षक किंवा पोलीस पाटील सहज करू शकतो. अपघात किती वाजता घडला हे कागदावर लिहून जखमीसोबत पाठविणे. जखमी बेशुद्ध, सोबत आलेला माणूस वाटेत भेटलेला, अशा स्थितीत केसपेपरवर रुग्णालयात पोहोचल्याची वेळ पडते, अपघाताची नव्हे. तीन तासांचा हिशेब करावयाचा तो कोठून? ही नोंद संशोधनालाही उपयोगी पडते. मुंबईतील के. ई. एम. व शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीचे जयप्रकाश नारायण ट्रॉमा केंद्र आणि कोलकात्याचे एस. एस. के. एम. रुग्णालय या चार सार्वजनिक रुग्णालयांनी २०१३ ते २०१५ या काळात जवळजवळ १६,००० जखमींची पद्धतशीर नोंदवही ठेवली. आपल्या देशातील जखमी कोणत्या अवस्थेत येतात आणि कशाने दगावतात, याचा अभ्यास त्यामुळे भारतीय आकड्यांवरून करता येऊ लागला. तालुका पातळीवर अशी नोंदवही ठेवणे खर्चाचे नाही, चिकाटीचे काम आहे.

मदतीला धावणारा माणूस पुढे पोलीस चौकशी आणि कोर्टाच्या तारखांना भिऊन मागे सरतो, ही तक्रार जुनी आहे आणि ती निराधार नव्हती. एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने, पोलीस प्रकरण असल्याचे कारण देऊन, सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेतच मरण पावला. या वृत्तावरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८९ मध्ये निर्वाळा दिला की, डॉक्टर शासकीय असो वा खाजगी, जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि कायद्याचे सोपस्कार त्यानंतरचे. मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठी केंद्राने तयार केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ दाखल झाले. सद्भावनेने जखमीस मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याची इच्छा नसेल तर त्याला स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

खर्चाची धास्ती हे विलंबाचे दुसरे कारण. त्यासाठी केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातील जखमींकरिता रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली असून, तीनुसार अपघाताच्या दिनांकापासून सात दिवसांपर्यंत प्रत्येक जखमीस कमाल दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. यासाठी रुग्णालय योजनेत नेमलेले असावे लागते. आपल्या परिसरातील अशी रुग्णालये कोणती, ती किती किलोमीटरवर आहेत आणि रात्री तेथे शल्यचिकित्सक व रक्ताची सोय असते काय, याची माहिती मिळवून ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत आणि एस. टी. थांब्यावर आधीच लावून ठेवता येण्यासारखी आहे.